डब्यावरचे तेवीस जण

सासूबाई : मी काय म्हणते, दर महिन्याला परका माणूस घरात बोलवायचा, हे शोभतं का सुनेला? सकाळपासून बघतेय मी. मांजर पिल्लं हलवतं तशी तो लॅपटॉप उचलून फिरतेय. आधी खिडकीत, मग ओट्याशी, आता न्हाणीच्या दाराशी स्टूल टाकून बसलीये. आणि जाताना दार असं आपटते, की भिंतीचे पोपडे पडावेत.

नेटवाला : आजी, जरा पाय वर घेता? वायर तुमच्या खाटेखालून गेलीये.

सासूबाई : कंबरेत सळई आहे माझ्या. पाय वर घ्यायला शाळकरी पोर समजलात का? तुम्ही वाका.

नेटवाला : वाकतो. सकाळपासून हे सातवं घर. वाकूनच चाललंय.

सासूबाई : मग संध्याकाळी बायकोला सांगा, पाठ चोळून दे म्हणावं. काय सापडलं?

नेटवाला : काही नाही. वायर ठीक, जोड ठीक.

सासूबाई : मागच्या वेळीही हेच म्हणालात. त्याच्या आधीही.

नेटवाला : आधीही ठीकच होतं. खांबापासून तुमच्या वायफायच्या डब्यापर्यंत नेट पुरतं येतंय. ताई आत बसल्या की रांगायला लागतं.

सासूबाई : म्हणजे दोष तिच्या लॅपटॉपात. मी म्हटलंच होतं. नाचता येईना, अंगण वाकडं.

सून : भाऊ, झालं का हो? दोनला वीस मिनिटं राहिली.

नेटवाला : ताई, ती दुसरी लाइन म्हणाला होतात ना, त्याचं विचारलं मी. खालच्या पेटीत जागाच नाही. महिना तरी जाईल.

सून : महिना?

सासूबाई : दुसरी लाइन कशाला? एक धड चालवता येत नाही, म्हणे दुसरी. आणि दोन वाजता काय लग्नाचा मुहूर्त आहे का?

सून : साहेब ऐकणार आहेत आज, आई. गिऱ्हाइकाशी बोलताना माझा आवाज तुटतो म्हणून तीन तक्रारी गेल्यात. आज तुटला तर घरून काम बंद. सोमवारपासून ऑफिसात जाऊन बसायचं.

सासूबाई : मग बस. लोक जातात की ऑफिसात.

सून : दोन तास जायला, दोन तास यायला. तुम्हाला आंघोळीला कोण नेईल? दुपारची गोळी कोण देईल? हे तर बोटीवर, पाच महिने येत नाहीत.

सासूबाई : माझं नाव पुढे करू नकोस. मी भिंतीला धरून जाईन. अहो, तुम्ही उभे काय राहिलात? तुम्हाला काम येतं की नुसती पिशवी लटकवून फिरता? तीनदा आलात, दोनदा माझ्या फरशीवर बूट उमटवून गेलात. येत नसेल तर सांगा, येणारा माणूस बोलवू.

नेटवाला : आजी, एकवीस वर्षं हेच करतोय मी.

सासूबाई : एकवीस वर्षं बैलही घाण्याभोवती फिरतो. कुठे पोचतो?

सून : आई, असं नका बोलू.

नेटवाला : बोलू द्या, ताई. मग मीही एक विचारतो. आजी, मी येतो तेव्हा हा डबा नेहमी पालथा का असतो?

सून : भाऊ, नको.

नेटवाला : दिवे वर असायला हवेत. तुमच्याकडे पोट वर असतं. आणि पोटावर चिकटवलेला कागद असतो, पासवर्डचा. तो बघा, बोटं लागून लागून काळा पडलाय.

सून : भाऊ, आपलं ठरलं होतं.

नेटवाला : ठरलं होतं, पण बैल म्हणाल्या त्या मला. आजी, हा माझा मोबाईल बघा. तुमच्या डब्यावर आत्ता कोण कोण बसलंय, त्याची यादी आहे ही.

सासूबाई : मला चष्मा लावून सुद्धा अक्षर जुळवत वाचावं लागतं. तुम्हीच वाचा.

नेटवाला : तुमचे सोडून तेवीस मोबाईल. शिवाय कुणाचा तरी एक टीव्ही, तो तर सकाळपासून चालूच आहे. या घरात माणसं दोन.

सासूबाई : तेवीस? छट. मी मोजून सोळा जणांना दाखवला कागद.

नेटवाला : सोळांनी पुढे सात जणांना दाखवला.

सासूबाई : दाखवला तर दाखवला! चोरून नाही दिला, ताठ मानेनं दिला. दारात येऊन कोणी मागितलं तर नाही म्हणायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलं नाही. तहानलेल्याला तांब्या पुढे करायचा, किती प्यायलास म्हणून विचारायचं नाही.

नेटवाला : बरोबर. पण तुमचा तांब्या तळाला गेलाय. घरचं माणूस कोरडं.

सासूबाई : तुम्हाला काय ठाऊक हो? कंबर मोडली तेव्हा सहा महिने या खाटेवर होते मी. जिन्यातून पायांचे आवाज यायचे, वर जायचे, खाली जायचे. या दारापाशी एक पाय थांबला नाही. मग वरची नर्सबाई आली. परगावच्या मुलीशी बोलायचं होतं, तिच्याकडे नेट नव्हतं. मी म्हटलं, ये, डबा उचल, पालथा कर, काय लिहिलंय ते घे. ती बसली. चहा प्यायली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची आली. मग तळमजल्यावरचा शिंपी. आता दिवसातून चारदा बेल वाजते. आजी, गोळी घेतलीत का, विचारतात.

नेटवाला : ते कागदाचा फोटो काढून गेले, आजी. आता त्यांना बेल वाजवायची गरज नाही.

सासूबाई : वाजवतात म्हणते ना!

सून : वाजवतात, भाऊ. खरंच वाजवतात. नर्सबाई रोज येतात. शिंप्यानं यांच्या उशीला नवा अभ्रा शिवून दिला. म्हणून तर मी...

सासूबाई : थांब. म्हणून तर तू काय?

सून : काही नाही. दहा मिनिटं राहिली. भाऊ, मी या डब्याला थेट वायर लावून इथेच बसते.

नेटवाला : थोडा फरक पडेल. तेवीस जण ओढतायत तोवर भरवसा नाही देत.

सासूबाई : मी विचारतेय. तुमचं दोघांचं ठरलं होतं म्हणालीस. काय ठरलं होतं?

नेटवाला : ताई, आता सांगतोच. आजी, ही यादी मी त्यांना पहिल्याच खेपेला दाखवली. म्हटलं, पासवर्ड बदलू, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणाल्या, नको. आईंना कळू द्यायचं नाही. दुसरं काही करता आलं तर बघा.

सासूबाई : कधीची गोष्ट?

सून : तीन महिने झाले.

सासूबाई : तीन महिने तुला ठाऊक. आणि तू खिडकीत, ओट्याशी, न्हाणीच्या दाराशी.

सून : न्हाणीपाशी जरा बरं चालतं.

सासूबाई : साहेबाची बोलणी खाल्लीस?

सून : खाल्ली. त्यात काय. दिवसभर गिऱ्हाइकांची खातेच की. कुणाचं धुण्याचं मशीन बंद पडतं, ओरडतात माझ्यावर. सवय झालीये.

सासूबाई : आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, सुनेच्या लॅपटॉपात खोट आहे म्हणून. भाऊ, हे सगळ्यांचं चालू ठेवून हिचं वेगळं करता येतं का?

नेटवाला : नव्या डब्यात येतं. हा जुना आहे.

सासूबाई : मग बदला तो पासवर्ड.

सून : आई, राहू द्या. आजचं होईल कसंतरी.

सासूबाई : कसंतरी व्हायला मी काय मेलेय? बदला म्हणते ना, भाऊ.

नेटवाला : बदलतो. काय ठेवू नवा?

सासूबाई : माझ्यापुढे उच्चारू नका. तिच्या कानात सांगा. मला ठाऊकच नको. ठाऊक असेल तर मी परत देईन, माझा मला भरवसा नाही. आणि तो कागद खरवडून काढा.

नेटवाला : झालं. ताई, हे इथे लिहा. हं, लागलं. आता बघा, कसं पळतंय.

(जिन्यातून बाईचा आवाज : "आजी, अहो नेट गेलं का तुमचं?")

सासूबाई : गेलं नाही, नर्सबाई! मीच बंद केलं! माझ्या सुनेचं काम आहे! मुलीशी बोलायचं असेल तर पाचनंतर या, हिच्या मोबाईलवरून बोला! नाही आलात तरी राग नाही!

नेटवाला : येतो मी, आजी. बूट काढून ठेवले होते हां या वेळी.

सासूबाई : पाहिलं मी. बैल म्हटलं ते मागे घेते. जा, जपून जा, तिसरी पायरी मोडलीये.

सून : आई, चार मिनिटं आहेत. तुम्हाला पाणी देऊन बसते. रागावलात?

सासूबाई : का नाही सांगितलंस?

सून : तुम्ही कितीतरी महिन्यांनी हसत होतात. मला वाटलं, काढून घेतलं तर वाईट वाटेल तुम्हाला.

सासूबाई : वाटलं असतंच. आकांडतांडव केलं असतं मी. दोन वेळा जेवले नसते, तिसऱ्या वेळी मुकाट जेवले असते. त्यात काय मोठं?

सून : मला भांडता येत नाही, आई.

सासूबाई : सात वर्षं झाली तुला या घरात. कधी उलटून बोलली नाहीस, म्हणून मी चार बायकांत मिरवत होते, गुणाची आहे म्हणून. गुणाची कसली गं? पाहुण्यापुढे जीभ आवरतात, तशी आवरत राहिलीस. माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवलंस तू.