पाणी मी घातलं होतं

बसा बाबांनो, बसा. माईक नको मला. वसुधा मॅडमच्या फोटोपुढं उभं राहून बोलणं लई जड जातंय. मी गणपत. तुम्ही पोरं मला मामा म्हणता. मॅडमच्या प्रयोगशाळेत बेडकांचं खाणंपिणं मी बघायचो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मॅडमनी टेबलापाशी उभं करून दाखवलेलं.

"मामा, जावई जेवले का?" आल्या आल्या त्या विचारायच्या. जावई म्हणजे बेडूक. लाडच तसे होते!

आज बोलणार नव्हतो. थकलोय. पण आत्ता सर बोलून गेले, "मॅडमचं काम चोख, फक्त एकदा घाई नडली." सर, तुमच्यावर राग नाय. पण ऐका.

बेडकाचं अंडं फळलं की पेशींचा गोळा होतो. मग बाहेरच्या पेशी जागा सोडून आत सरकतात. पुरण भरून उंड्याचं तोंड मिटावं, तसा गोळा मिटतो. त्या सरकण्यात एका विकराचा हात आहे. विकर म्हणजे शरीरातली कामं उरकणारं प्रथिन, असं मॅडम सांगायच्या. ते अडवलं तर पेशी सरकतात का, हे त्या बघत होत्या. अर्ध्या ताटल्यांत अडवलेलं, अर्ध्यांत नाही.

ताटल्यांना दोन दिवस उघडं ठेवलेलं शिळं पाणीच घालायचं. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते अंड्यांना बाधतं. आपल्या शहरात नळ कधी येतो, तुम्हाला काय सांगायचं? त्या दिवशी शिळं पाणी अर्ध्याच ताटल्यांना पुरलं. तेवढ्यात नळ आला. मला हायसं वाटलं. उरलेल्यांना ते ताजंच घातलं. त्या नेमक्या विकर अडवलेल्या निघाल्या.

त्यातला एकही गोळा मिटला नाही. मॅडमनी शास्त्रज्ञांच्या भर सभेत सांगितलं, विकराशिवाय पेशी हलतच नाहीत.

पुन्हा करून बघितलं, या वेळी शिळं पाणी सगळ्यांना पुरलं, तर अडवलेल्या ताटल्यांतही पेशी सरकल्या. हळू, पण सरकल्या. मॅडम डोकं धरून बसल्या. तेव्हा मी कबूल केलं, "मॅडम, नळाचं पाणी मी घातलं."

त्यांनी स्टूल पुढं केलं. मग म्हणाल्या, "बसा मामा, चहा घ्या."

"मी सगळ्यांना सांगतो."

"काही सांगायचं नाही. प्रयोग माझा. पाणी तपासायचं कुणी? मी."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू द्या. विकर अडवलं तर पेशी रखडतात, थांबत नाहीत. खरं ते कळलं ना?"

पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझी चूक झाली. एवढंच. मागून कुणीतरी बोललं, "बाईंना भारी घाई!" मी तिथंच होतो, चहाचा ट्रे घेऊन. तोंड उघडलं नाही. त्यांनी अडवलं म्हणून? की वाचलो, असं वाटलं मला? खरं सांगतो, वाचलो असंच वाटलं असावं.

ताई, तुम्ही त्यांची लेक. तुमच्या आईनं घाई केली नव्हती. सर, उद्यापासून कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

आता उभं राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

मॅडम, तुमचा शब्द मी आज मोडला. लई उशीर केला.