व्हर्लनच्या गाडीचे टायर

— नाही, तो ठेव. खाचा बघून कधी टायर घेतात होय? सगळेच घेतात म्हणा. खोल खोल खाचा दिसल्या की तुम्हा पोरांना वाटतं हा दगड चावून खाईल. चिखलात चालवायची आहे का तुला रिमोटची गाडी? मग? इथल्या लाल कातळावर खाचांचं काय काम, इथे रबर मऊ पाहिजे. दाब. नखाने नाही रे — अंगठा टेकव आणि सोड. खळगा लगेच भरून आला ना? आता हा दाब. दिसायला जुळा भाऊ, कंपनी तीच, खाचा त्याच, पण कडक. हा कधी झिजायचा नाही आणि कधी चढायचाही नाही. मऊ असतो तो लवकर मरतो, ते तर आहेच, पण जिवंत असेपर्यंत धरून ठेवतो. गाडी आणलीयस? दे इकडे. बरी आहे. पुढे वजन घातलंयस, शहाणा आहेस. मग आतला फोम पुढे मऊ घे आणि मागे जरा घट्ट — ह्या टायरांत हवा नसते, सगळा भार त्या फोमच्या कड्यावर, हे तरी माहीत आहे ना? नसतं काहींना. परवा एकजण सायकलचा पंप घेऊन आला होता. मी हसले नाही. दुकानदाराने हसायचं नसतं.

बाहेर खुर्चीत बसलाय त्याच्याकडे बघतोयस? बघ की, त्याला काही वाटत नाही. ऐकू सगळं येतं, बोलता मात्र येत नाही. माझा नवरा, व्हर्लन. हो, तोच. ग्रँड जंक्शनहून आलास म्हणजे नाव ऐकलंच असशील. मागच्या अंगणातला तो कातळ दिसतोय, ओट्यापासून वर गेलेला, वरच्या कडेला पोट सुटलंय त्याला — त्याच कातळावर अर्ध्या देशाचे टायर पास-नापास झालेत. कंपन्या बाजारात आणायच्या आधी त्याच्याकडे धाडायच्या, खोक्यावर नाव नाही, काही नाही. एकच गाडी, एकच दगड, आधी कोरडा, मग धूळ टाकून, मग पाणी मारून. तो तिथे खुर्चीत बसून रिमोट चालवायचा आणि धूळ टाकायला, धूळ झाडायला, पाणी मारायला, पडलेली गाडी उचलून परत खाली ठेवायला मी. उन्हात. इथलं ऊन तुला सांगायला नको. मला बादली म्हणायचा. नाव आर्डिथ आहे माझं, पण ह्या गाड्यावाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना मी बादली म्हणूनच ठाऊक. ‘बादली, पाणी.’ ‘बादली, सरक, सावली पडतेय तुझी.’ लग्नाच्या वाढदिवसाला क्लबाने केक आणला, त्यावरसुद्धा तेच लिहिलेलं. मी कापला. चांगला होता केक.

नाही रे, वाईट कसलं वाटायचं. म्हणजे — एकदा वाटलं. ओल्या दगडावरून माझा पाय गेला आणि मी मनगटावर आपटले. हाड मोडल्याचा आवाज आला, मोठा, त्यालाही ऐकू गेला असणार. गाडी तेव्हा कातळाच्या मध्यावर होती. म्हणाला, हलू नकोस तिथून, धूळ उडेल, फेरी बिघडेल. मी बसले तशीच. फेरी संपली. मग क्ले ऑल्रेडला — क्लबाचा तो, दाढीवाला, ओळखत असशील — त्याला म्हणाला, बघ, बादलीच्या बुटापेक्षा ह्या टायरची पकड चांगली आहे. सगळे हसले. मी पण हसले. सगळे हसतात तेव्हा एकटीनेच काय बसून राहायचं? हे बघ मनगट, अजून पुरतं वळत नाही. पण अंगठा शाबूत राहिला, आणि इतकी वर्षं चारी बाजूंनी चाकं हाताळून त्याला जे कळायचं ते मलाही कळायला लागलं. तो झोपला की मी खोक्यातून टायर काढून दाबून बघायची आणि मनाशी म्हणायची, हा उद्या पडणार. पडायचाच. त्याला कधी सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

मग झटका आला. ह्याच गॅरेजात, तू उभा आहेस तिथेच. घाबरू नकोस, लागण होत नाही त्याची. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. चर्चच्या बायकांनी चीज घातलेल्या बटाट्यांच्या परातीवर पराती आणल्या, फ्रीजचं दार लागेना. आणि क्लबवाल्यांनी एका हाताने चालवायचा रिमोट शोधून आणला, अंगठ्याने गाडी वळते त्याच्यावर. क्ले स्वतः गाडी जुळवून गेला, उत्तमातले उत्तम मऊ टायर घालून. आम्ही खुर्ची अंगणात नेली. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी — लडखडत, थांबत, पण चढला. पार वर. हाताचे व्यायाम घ्यायला येते ना, शेल्बी, ती पोरगी रडली. मीही रडायच्या बेतात होते. मी त्याच्याजवळ वाकले, म्हटलं, व्हर्लन, चढलास रे. तर त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिमोट मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने खराट्याकडे बोट केलं. मग कातळाकडे. मग परत खराट्याकडे. झाड म्हणून.

झाडलं मी. झाडायला काय, सवयच होती.

आणि संध्याकाळी त्याला आत झोपवल्यावर टायर बदलले.

कुठले म्हणजे? जुने होते पडलेले, पत्र्याच्या छपरावर किती उन्हाळे तापून हाड झालेले. नक्षी हुबेहूब तीच. शेल्बीला काय, क्लेलाही लांबून फरक कळला नसता. दुसऱ्या दिवशी गाडी गेली वरपर्यंत, त्या पोटाखाली आली, चाकं फिरली आणि घसरत खाली. परत गेली, परत घसरली. मी ठेवते उचलून. रोज जेवण झालं की अंगणात न्यायचं, सावली होईपर्यंत गाडी घसरते आणि मी उचलून ठेवते. त्याला कळलं ना, लगेच कळलं. मऊ रबर दगडावरून चालताना चिकटून सुटल्यासारखं वाजतं, चप्पल ओल्या फरशीवर वाजते तसं. कडक नुसतं खरवडतं. हा माणूस डोळे मिटून टायर ओळखायचा. पहिल्याच फेरीला मान वळवून माझ्याकडे बघितलं त्याने. कितीतरी वेळ. मी म्हटलं, काय हवंय तुला, पाणी? बोलता आलं असतं तर बोलला असता.

तोंड का असं केलंस? कुणाला मारलं का मी? अंग पुसते, भरवते, चादरी बदलते, दाढीसुद्धा करते. चेहऱ्यावर एक ओरखडा दाखव. टायरच बदलले. आणि हाताला व्यायाम तर होतच होता, उलट जास्त होत होता. चढली असती तर कंटाळला असता चार दिवसांत — मी आपली असं समजत होते. शेल्बी एकदा म्हणाली, आर्डिथ, आधी चढायची ना हो त्याची गाडी, हातातला जोर कमी होतोय वाटतं. मी म्हटलं, असेल. तिने डॉक्टरला कळवलं, डॉक्टरने गोळ्या वाढवल्या. त्या गोळ्यांनी दुपारपर्यंत डोळेच उघडायचे नाहीत त्याचे. आता मी तिला काय सांगायला हवं होतं? ती शिकलेली पोरगी आहे, तिनेच टायर दाबून बघायचा होता. — बरं, हे गोळ्यांचं कुठे बोलू नकोस. उगीच निघालं तोंडातून.

पण माणूस मोठा चिवट. मान्य करावं लागतं. गोळीच्या गुंगीतसुद्धा रोज तिथेच बसून तो दगड वाचायचा. कातळाच्या डाव्या अंगाला एक चीर आहे, बोटभर रुंद, पाणी मारून मारून मला ती दिसायची पण तिथून गाडी नेलेली कधी कुणी बघितली नव्हती, कारण चांगले टायर असताना तिथून जायचं कशाला? तर हा त्या चिरेत चाकाची कड अडकवायला शिकला. एक चाक अडकव, दुसरं सरकव, थांब. श्वास घे. परत. सगळा उन्हाळा गेला त्यात. आणि एक दिवस, त्या हाडासारख्या टायरांवर, त्या एका अंगठ्याने, गाडी वरती नेऊन उभी केली त्याने. मी हातात गाडी झेलायला उभी, आणि गाडी वर. त्याचं अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसतं आता. मी म्हटलं, वा. काय म्हणणार दुसरं?

मग डाव्या बाजूच्या दोन टायरांतला फोम काढून टाकला.

फार काही करावं लागत नाही, रिमचे स्क्रू काढायचे, कडं ओढून घ्यायचं, परत बसवायचं. सरळ जमिनीवर कुणाला कळत नाही. चढावर तिरकी झाली की टायर आत दुमडतो आणि गाडी कुशीवर पडते, दारू प्यायल्यासारखी. त्या चिरेत तर उभीच राहीना. आता बघू म्हटलं, हे कसं वाचतोस.

आणि नेमका तेव्हाच क्लबाने त्याच्यासाठी समारंभ ठेवला. मला आधी माहीत असतं तर — नाही, माहीत होतं. माहीत होतं मला. क्लेने फोन केला होता. इथेच अंगणात, खुर्च्या मांडल्या, लोखंडी कढईत पीचचं गोड केलं, पार सॉल्ट लेकहून माणसं आली. कातळाला त्याचं नाव दिलं, पितळी पाटी ठोकली, ती बघ, चमकतेय. मग सगळे म्हणाले, व्हर्लन, आता एकदा चढवून दाखव. मी शर्ट घातला होता त्याला, इस्त्रीचा. भांग पाडला होता. गाडी निघाली आणि हातभर चढून कुशीवर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, धीर द्यायला. परत पडली. परत वाजवल्या, पण कमी. मग वाजवायचं थांबलेच, आणि त्या शांततेत तो पुन्हा पुन्हा पाडत राहिला, मी उचलत राहिले. लोक आपापल्या ताटलीत बघायला लागले. शेवटी क्ले त्याच्यापाशी गुडघ्यावर बसला, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसा रिमोट काढून घेतला आणि म्हणाला, पुरे झालं म्हाताऱ्या, आता आराम कर. व्हर्लनने दिला. बोटं एकेक करून सोडली. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. डोळा तसाही गळतो त्याचा. सगळ्या बायकांनी मला मिठ्या मारल्या, म्हणाल्या, तू आहेस म्हणून निभावतंय.

त्यानंतर रिमोट हातात घेत नाही.

घेतच नाही रे. मी मांडीवर ठेवला, तर तसाच मांडीवर. बोटांत दिला, बोटं मिटत नाहीत. अंगणात नेलं तर कातळाकडे बघत नाही, कुंपणापलीकडे बघतो, तिथे काय आहे? काही नाही, रस्ता आहे. मी वाट बघितली. मग फोम परत घातला. तरी नाही. मग कडक टायर काढून टाकले, आणि ही बघ त्याची गाडी, ह्या खालच्या कप्प्यात — दाब, घाबरू नकोस. आहे की नाही? माझ्या दुकानात ह्याच्याहून चांगला टायर नाही. गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही मी हे. खराटा मारून ठेवते रोज, कातळ लख्ख असतो. एकदा चढव म्हटलं, नुसता चढव, मी बाजूला उभी राहते. माझ्याकडे असा बघतो जसा काही मी दारातून आत आलेली कुणीतरी बाई आहे. दिवसभर घरात दोघंच. काय करायचं सांग दोघांनी?

तू एक करशील का? तुझ्या टायरांचं काय ते बघू नंतर, तसेच घेऊन जा हवं तर. ही गाडी घे, हा रिमोट घे, आणि जाऊन त्याला दे. तू दिलास तर घेईल. परका आहेस. म्हण, मी लांबून आलोय, तुम्हाला चढवताना बघायचंय. टायर नवे आहेत म्हण. मी सांगितलं म्हणू नकोस. जा. इथूनच बघते मी, खिडकीतून.

वाकून बोल जरा. हां, असं. गाडी मांडीवर ठेव. — घेतली. बघतोय. चाक फिरवून बघतोय की. व्हर्लन, मऊ आहेत रे, चांगले आहेत. मी नाही बोलत, बोल तू. — आता काय करतोय? ढकलतोय का? नको म्हणतोय? परत ठेव मांडीवर, कधीकधी त्याला कळायला वेळ लागतो. हात हातात का धरलाय त्याने तुझा? — रिमोट पण? रिमोट कशाला देतोय तुला?

नाही नाही, तसं नाही त्याचं म्हणणं. मी ओळखते ना त्याच्या खुणा, तुला काय कळतात? तो थकलाय. ती गाडी विकायची नाही, द्यायचीही नाही. ठेव ती खाली. ठेव म्हटलं ना ओट्यावर. व्हर्लन, ह्याला सांग ठेवायला. मान हलवून सांग. — माझ्याकडे बघ.

बघतोय तो. हसतोय. अर्धा.

जा घेऊन. त्याला दाखवत उभा राहू नकोस तिथे, जा. आणि परत येऊ नकोस, टायर लागले तर तुमच्या गावातच घे.