लक्ष्मी रोडवर टावेलाखाली

त्या तात्याला इचारा, पुण्यात लक्ष्मी रोडला साडी कशी घेतली! बघा, आत्ताच लाजाय लागला. आमच्या गावात, कन्हेरीत, एसटीडीचा बूथ निघाला, त्या साली आमी दोघं पुणं बघाय गेलो. वैनीनं तात्याला दमच भरला होता, "हिरवी साडी न्हाय आणली, तर घरात पाय ठेवू नका."

दुकान म्हंजी काचंचा महाल. भितीवर पाटी, 'एकच भाव'. तात्या गारठला. मी कानात म्हणलं, "आरं, ती पाटी नुसती शोभंला. हितंबी बैलबाजारासारखं टावेलाखाली बोटं दाबूनच भाव ठरतो."

तात्यानं खरंच टायवाल्या विक्रेत्याच्या हातावर टावेल टाकला अन् बोटं धरली. तो किंचाळला, "शेठ, ह्यांनी माझा हात धरलाय!"

आता तात्याला हाकलणार म्हणून मी तोंड दाबून हसतोय, तर म्हातारा शेठ उठला अन् टावेलाखाली स्वतःचा हात घातला. "वा! माझे वडील बैलांचे दलाल होते."

तात्याला हिरवी साडी मिळाली. भाव त्या टावेलालाच ठाव.

मग धोतरासाठी मीबी टावेल काढला. शेठनं पाटीकडं बोट केलं, "आबा, वाचता येतं ना?"