तेल जास्त झालं

गार्नेट : बोट लाव. लाव गं, चावत नाही. बघितलंस? इंजिनाला स्वच्छ हवा मिळावी म्हणून असतो हा एअर फिल्टर. आणि तुझ्या बापाने त्याचं लोणचं घातलंय!

दार्या : इतकं तेल असतं यात?

गार्नेट : थोडं लागतंच. हा कापडी आहे, धुऊन परत वापरायचा. धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग बेताने तेल. धूळ तेलाला चिकटते, हवा आत जाते. इथे तेलच हवेबरोबर पुढे गेलं आणि सेन्सरवर जाऊन बसलं. मग हवा किती येतेय ते इंजिनाला कळेना. पडली गाडी बंद.

दार्या : रेल्वेच्या फाटकात. नेमकी रुळांवर.

गार्नेट : ऐकलं मी. सगळ्या गावाने ऐकलं.

नेस्तर : सेन्सर पुसलास?

गार्नेट : पुसला, चालतोय. आता सांगा, पुढे काय टाकू? हाच धुऊन बसवू, का साधा कागदी? कागदी मळला की काढून टाकायचा, नवा घालायचा. डोक्याला ताप नाही. आणि मला विचाराल तर आपल्या खडीच्या रस्त्यावरची बारीक धूळ कागदच जास्त अडवतो.

नेस्तर : कापडी.

दार्या : कागदी.

गार्नेट : छान. तुमचं मिटेपर्यंत मी कॉफी घेतो.

दार्या : (वडिलांना) तातो, कशाला हवाय तो? शर्यतीत उतरायचंय का तुम्हाला?

गार्नेट : अगं, शर्यतवाल्यांचाच माल आहे तो! घेतला तेव्हाच म्हटलं होतं, नेस्तर, एकतीस वर्षं ग्रेडर चालवून रस्ते सपाट केलेस, माणूस चालत पुढे जाईल अशा वेगाने. आता कुठे पळायचंय तुला? तर म्हणतो कसा, फेकावा लागत नाही.

नेस्तर : नाहीच लागत.

दार्या : गार्नेट, एकदा तेल घालून एवढं होतं? खरं सांगा.

गार्नेट : एखाद्याचा हात सढळ असतो...

दार्या : खरं सांगा.

गार्नेट : नाही. हे एका वेळचं नाही.

दार्या : तातो, आधी घातलेलं आठवत नव्हतं, म्हणून परत घातलंत ना? मी रागावत नाहीये. मला फक्त कळायला हवं. मागच्या महिन्यात शेगडी रात्रभर चालू राहिली. मला दोनदा फोन करून तीच बातमी सांगितलीत. रेजायनाहून येताना सगळा रस्ता हाच विचार करत आले मी. विसरायला होत असेल तर गाडी चालवणं बंद करावं लागेल. डॉक्टरांचा फॉर्म आणलाय.

नेस्तर : बातमी दोनदा सांगितली, कारण दुसरी नव्हती.

दार्या : आणि तेल?

नेस्तर : अकरा वेळा.

दार्या : काय?

नेस्तर : अकरा वेळा घातलं. तुझ्या आईच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, तू परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रविवार सोडून रोज. एकही वेळ विसरलो नाही.

गार्नेट : रोज? अरे, तो वाळायलाच एक दिवस घेतो!

नेस्तर : माहीत आहे. ओल्यावरच घालायचो.

गार्नेट : माहीत आहे म्हणतो वर! मग कशाला, बाबा?

नेस्तर : चार वाजायचे.

दार्या : म्हणजे?

नेस्तर : चार वाजता तुझ्या आईचं, ओल्हाचं, अंग पुसायचो. कोमट पाणी घ्यायचं, पुसायचं, टिपायचं, मग तेल. पाठीला, टाचांना. पडून पडून कातडी जाते ना. दोन वर्षं ते केलं. आता चार वाजतात आणि हात नुसते राहतात. एक दिवस फिल्टर काढला, धुतला, तेल घातलं. तेवढा वेळ गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजले.

(गार्नेट कॉफीचा कप खाली ठेवतो.)

दार्या : मला का नाही सांगितलंत?

नेस्तर : दुःख झालं असतं तर सांगितलं असतं. होतच नाही. शेजारणी जेवण आणून देतात, मी खातो. गोड का आंबट, कळत नाही. दातवाल्याने सुई मारल्यावर गाल कसा होतो? तसं झालंय सगळं. कबरीपाशी तू रडत होतीस, मी बघत होतो. वाटलं, हिला थंडी वाजत असेल.

दार्या : आणि रुळांवर?

नेस्तर : तिथे काय?

दार्या : शेजारच्या स्टेलाने सांगितलं मला. पिकअपने मागून ढकलत तिने तुमची गाडी बाहेर काढली. रेल्वेची शिट्टी ऐकू येत होती आणि तुम्ही आत बसून होतात. दाराला हातसुद्धा लावला नव्हता. ती म्हणाली, गोंधळले बहुतेक. तातो, सांगा ना गोंधळलात म्हणून.

नेस्तर : गोंधळलो नाही.

दार्या : मग?

नेस्तर : शिट्टी ऐकली. वाटलं, उतरायला हवं. मग वाटलं, उतरलो तर घरी जावं लागेल. एवढंच. मरायचं ठरवलं नव्हतं. पण उतरायचंही ठरत नव्हतं.

गार्नेट : गाढवा. अरे गाढवा.

नेस्तर : हो.

दार्या : येताना सारखी म्हणत होते, देवा, विसरण्याचा आजार नको. आता वाटतंय, तोच असता तर बरं झालं असतं. त्याचा निदान फॉर्म तरी होता माझ्याकडे.

नेस्तर : दे. सही करतो त्याच्यावर.

दार्या : नको. याच्यासाठी वेगळे डॉक्टर असतात. उद्या जायचं आपण. मी राहतेय. आणि चाव्या माझ्याकडे राहतील.

नेस्तर : राहू देत.

दार्या : भांडणार नाही?

नेस्तर : भांडायला काहीतरी वाटावं लागतं.

गार्नेट : मग... म्हणजे गाडी लागेलच तुम्हाला उद्या. काय टाकू?

नेस्तर : कागदी टाक.

दार्या : कापडी राहू दे हवा तर, तातो. वाळेपर्यंत थांबायचं फक्त. मी थांबवीन तुम्हाला.

नेस्तर : नको. हातात आला की तेच करीन. फेकून दे, गार्नेट.

गार्नेट : फेकतो. पाच मिनिटांचं काम आहे, बसा.

दार्या : आठवडाभर आहे मी. पण सोमवारी माझी शाळा उघडते, वर्गात मुलं येतील, मला शिकवायला जावंच लागेल. त्यानंतर काय करायचं?

नेस्तर : फोन कर.

दार्या : करतेच की! तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि मग एक शब्द बोलत नाही.

नेस्तर : नाही बोलणार. तरी लगेच ठेवू नकोस.