मागची सीट

मनकर्णा : ते काय न्हाई. उद्यापासनं पंपावर जायचं न्हाई म्हंजे न्हाई. लई झाली नोकरी.

अंजू : मी कावून सोडू, माय? घान बोलला त्यो, आन घरी बसायचं मी?

मनकर्णा : त्यो विजयसिंह अर्जुनरावाचा पोरगा हाय. त्येच्या मागं माणसं हायेत. तुझ्यामागं कोन हाय? आमी काय चौसाळ्याला येऊन पंपावर उभं ऱ्हानार हाव का? आवं, ऐकताव का? शेरडाकडं काय बघत बसलाव? ती काय पळून जात न्हाईत. पोरगी रडत आलीय तुमची.

अंजू : रडत न्हाई आले.

मनकर्णा : डोळे बघ आरशात.

आप्पाराव : मला काय म्हाईत. मी सकाळीच पाटोद्याला गेलतो.

मनकर्णा : तुमाला म्हाईत हाय आसं कोन म्हनलं? तेच सांगाया लागलेय नव्हं. विजयसिंहाची जीप डिझेल भराया आली. ही नोझल धरून उभी.

आप्पाराव : नोझल धरून? पोरगी आत कंप्युटरवर बसती म्हनली व्हतीस तू.

मनकर्णा : म्हनले व्हते. खोटं म्हनले. दिवाळीपासनं भाईर उभी ऱ्हाती ती. तुमाला सांगितलं आसतं तर त्याच दिवशी घरी बसवली आसती.

अंजू : मीच मागून घेतलं, आबा. शेठ म्हनले, शिफ्ट इनचार्ज व्हायचं तर नोझलवर काम केलेलं पायजे. पोरं करतेत तर मी बी करते म्हनलं. एक तारखेपासनं मला इनचार्ज करनार व्हते. पोरं माझ्या हाताखाली.

आप्पाराव : व्हते म्हंजे?

अंजू : आता कुठं. जीप आली, मी डिझेल सोडलं. विजयसिंह पुढं बसला व्हता. नोझलकडं बघून बोलला मला. लई घान. आन जीपमधले समदे हासले. मी नोझल काढलं, जागेवर लावलं आन त्येला म्हनलं, खाली उतरा आन परत म्हना.

मनकर्णा : तितंच चुकलं तुझं. बाईमाणसानं अशा टायमाला कान नसल्यावानी करावं. आमी न्हाई का केलं जन्मभर?

अंजू : शेठ आले पळत. विजयसिंह म्हनला, मी कायच बोललो न्हाई, पोरगीच उगं अंगावर आली. मग शेठनं खिडकीतनं एकेकाला इचारलं. पुढचे समदे न्हाई म्हनले. मागच्या सीटवर एक जन तोंडाला दस्ती धरून बसला व्हता. त्येनं तर तोंड बी उघडलं न्हाई. नुसती मुंडी हलवली. न्हाई म्हनून.

मनकर्णा : मुडदा बशिवला त्येचा! बोलनारा तर बोलला, त्येला बापाच्या पैशाचा माज हाय. पर ह्येला काय धाड भरली व्हती? ह्येच्या घरात लेकीबाळी न्हाईत का?

आप्पाराव : जाऊ दे की आता. शिव्या कावून देती? त्येची बी काय आडचन आसंल.

मनकर्णा : कसली आडचन? मुंडी हलवाया लागली, तर तीच उभी हलवायची. तेवढंच कष्ट.

अंजू : शेठ मानूस वाईट न्हाई, माय. म्हनले, त्या जीपमधल्या एकानं जरी माझ्यासमोर खरं सांगितलं, तर त्या जीपला माझ्या पंपावर डिझेल न्हाई, आन एक तारखेला तूच इनचार्ज. न्हाईतर अर्जुनरावाच्या घरी जाऊन माफी माग आन गुमान आत कंप्युटरवर बस. पोरीला भाईर उभं केलं की आसंच व्हतं, म्हनले.

मनकर्णा : मग माग बाई माफी. दोन शब्द म्हन आन मोकळी हो. आवं, तुमी बी बोला की. तोंडात मिठाची गुळनी धरलीय का?

आप्पाराव : मागावी. मोठी मानसं हायेत. आपली शेरडं त्येंच्याच रानात चरतेत.

अंजू : तुमाला वाटतंय, मी माफी मागावी?

आप्पाराव : मला काय वाटायचंय.

अंजू : न्हाई, तुमीच सांगा. माझ्याकडं बघून सांगा.

आप्पाराव : पानी दे गं जरा.

मनकर्णा : पानी काय, देते. अंजे, त्यो दस्तीवाला कोन व्हता गं? हितलाच आसंल कुनीतरी. वळखीचा हाय का?

अंजू : बाकीचे न्हाई वळखले. दस्ती वळखली. कालच धुतली व्हती मी ती.

(मनकर्णा आप्पारावांच्या गळ्यातली दस्ती ओढून हातात घेते, उलटसुलट करून बघते.)

मनकर्णा : आवं… तुमी?

आप्पाराव : मला म्हाईत नव्हतं. शेरडाच्या लेकरांची शपथ, मला म्हाईत नव्हतं. पाटोद्याला लग्न व्हतं, म्हनले, चल आप्पा, बस मागं. तितं पंपावर कोन उभंय मला काय ठावं. तोंडाला ओढनी गुंडाळलेली, वर ती टोपी. मला वाटलं कुनाची तरी पोरगी आसंल.

अंजू : म्हनून हासलात?

आप्पाराव : समदे हासले, म्हनून हासलो.

अंजू : म्हंजे दुसऱ्याची आसती तर हासन्यात काय न्हवतं.

आप्पाराव : आसं न्हाई गं बाई.

अंजू : मग कसं?

आप्पाराव : काय सांगू आता. त्या जीपमधी मी कोन हाय? पुढचे हासले की मागच्यानं हासायचं. न्हाई हासलं तर वळून बघतेत. काय आप्पा, तुला काय झालं, म्हनतेत. एवढं सोपं आसतंय ते.

मनकर्णा : आन मुंडी कावून हलवली मग?

आप्पाराव : तू गप बस.

मनकर्णा : न्हाई बसत. कवा वळखलं पोरीला?

आप्पाराव : खाली उतरा म्हनली तवा. आवाज तुझ्यावानीच हाय तिचा. वाटलं, उतरावं आन त्येच्या थोबाडीत द्यावी एक. हात उचलला, आन हातानं काय केलं, तर दस्ती तोंडाला लावली. माझं मलाच कळलं न्हाई. मग शेठ खिडकीशी आले.

अंजू : मला बी तवाच दिसलात. मला वाटलं, आता आबा बोलतील. शेठ पुढच्यांना इचारत व्हते, तवा मी तुमच्याकडंच बघत व्हते.

आप्पाराव : दिसत व्हतं मला.

अंजू : हासलात तवा मी परक्याची व्हते. मुंडी हलवलीत तवा तुमची व्हते. मी कोनचं मनाला लावून घेऊ?

आप्पाराव : नको बोलू आसं. तितनं निघालो, लग्नात पंगतीला बसलो. पानात वाढलेलं तसंच सोडून उठलो. लाज वाटती पोरी मला. घरी यायची बी लाज वाटत व्हती. वेशीत बसून ऱ्हायलो, तू झोपल्यावर यावं म्हनून. पर शेरडं बांधायची व्हती.

मनकर्णा : शेरडं बांधाया आलाव व्हय.

आप्पाराव : मार, तू बी मार.

मनकर्णा : मी काय मारू? मघाशी मीच म्हनले नव्हं तिला, माफी माग म्हनून. सगळ्यात आधी मीच म्हनले.

अंजू : शेठ सकाळी पंपावर आसतेत, आबा.

आप्पाराव : अर्जुनराव परत रानात पाय ठिवू देनार न्हाईत.

मनकर्णा : नका देऊ म्हनावं. नेकनूरकडं माळ पडलाय. मी नेते शेरडं. मला काय त्येंच्या जीपमधी बसायचं न्हाई.

आप्पाराव : तसं न्हाई गं. शेठसमोर जायचं म्हंजे… विजयसिंह काय बोलला ते तोंडानं सांगावं लागंल. जसंच्या तसं. कसं सांगू? मी बाप हाय तिचा.

अंजू : तितंच तर मी हारले, आबा. शेठनं इचारलं, नक्की काय बोलला, सांग. समदी पोरं उभी, विजयसिंह जीपमधी हासत बसलेला. माझ्या तोंडातनं निघंना. शेठला वाटलं, काय झालंच नसंल.

आप्पाराव : मग मी सांगतो. सांगतो मी. पर एक कर. मी सांगताना तू तितं थांबू नको. आत जाऊन बस.

अंजू : न्हाई जानार. त्येनं बोललेलं मी ऐकलंय. तुमी हासलेलं बी ऐकलंय. आता तुमी सांगताना बी ऐकू द्या.

आप्पाराव : बरं.

मनकर्णा : पयल्या गाडीनं जावा तिच्यासंगं. भाकरी बांधून देते.

आप्पाराव : दे ती दस्ती इकडं. डोळ्यात कायतरी गेलंय.

मनकर्णा : हातानं पुसा. दस्ती पंपावरनं आल्यावर देते.