माशाच्या नावावर

अरे, दाबू नकोस एवढं — नुसतं टेकवायचं, मारिन्को, टेकवायचं! कणीक तिंबतोयस का? गेलं बघ ते. असू दे, असू दे, तोंड पाडू नकोस, एक कालव फुटलं म्हणून कुणी होणाऱ्या जावयाला हाकलून देत नाही. हे असं बघ — सिमेंटचा गोळा बोराएवढा, दोराच्या या अंगाला कालवाचं एक पिल्लू, त्या अंगाला दुसरं, पाठीला पाठ लावून, नवरा-बायको भांडून झोपतात ना तशी — हसतोस काय, होईल तुझंही लग्न, मग कळेल. थोडी जागा सोडून पुढची जोडी. सिमेंट घट्ट झालं की दोर समुद्रात सोडायचा आणि वाट बघायची. माझ्या सासूनं मला याच टेबलावर शिकवलं, आणि शिकवताना सगळा वेळ बाहेरची, बाहेरची म्हणून टोमणे मारले. बाहेरची म्हणजे कुठली? तर त्या समोरच्या डोंगरापलीकडची! तू तर बाबा पार स्लाव्होनियातला, मक्याच्या शेतातला, डुकराचं सॉसेज काखोटीला मारून समुद्र बघायला आलेला. सासू असती तर तुला दारातच उभा ठेवला असता. मी तशी नाही. म्हणजे थोडी आहे, पण चांगल्या माणसांशी नाही.

निका येईलच. मावशीकडे गेलीय केक आणायला — मॅकरोनीचा. हो, तीच मॅकरोनी, साखर-बदाम घालून, आमच्याकडे करतात, तिच्यापुढं असं तोंड वाकडं करू नकोस म्हणजे झालं. आणि व्लाहो मासळीला गेलाय. ओराडा आणतो म्हणाला. वैऱ्यालाच भाजून जावयाला वाढतो, म्हणाला — असा आहे हा माणूस. निघताना मला बजावून गेलाय — लुत्से, पोराला हाताशी धर, काम दाखव, गोडी लाव. आता सांगूनच टाकते, नाहीतरी मला पोटात ठेवता येत नाही — जेवताना तो विषय काढणार आहे. बोट, दोर, खाडीतली आमची जागा, सगळ्यात निम्मा वाटा तुम्हां दोघांना. वरची खोली बघितलीस ना? ती तुमच्यासाठीच. स्वतः लादी बसवली त्यानं, गुडघे धरून ओरडत ओरडत. निका तर उडीच मारेल. बापाची लेक आहे ती, चालायच्या आधी बोटीत बसायला शिकली. आणि तूही हो म्हणशील, दिसतंय मला तुझ्या तोंडावर. समुद्र आवडला तुला. सगळ्यांनाच आवडतो.

कोण वैरी? ओराडा रे, मासाच — जबडा असा की शिंपला बदामासारखा फोडतो. व्लाहोला विचारलंस तर जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ ओराडा. कालवांचं बी दोराला धरलं नाही — ओराडा. पिल्लं कमी झाली — ओराडा. माझं डोकं दुखलं तरी ओराडा. पहाटे बोटीत उभा राहून डबे बडवतो, तुमच्याकडे शेतात पाखरं हाकलतात तसा. शेजारी हसतात. शेजारी तरी काय, तेही बडवतात, फक्त उशिरा उठून. आता नवी जाळी आणलीय, दोरांभोवती भिंतीसारखी लावायची, आणि एक तरणा हात मिळाला की झालं, म्हणतो, पुन्हा पहिल्यासारखं. पहिल्यासारखं म्हणजे? म्हणजे मार्चमध्ये सेंट जोसेफच्या सणाला एकेक कालव तळहाताएवढं, आणि पाण्यात जे टाकाल त्याला बी चिकटायचं — दोराला, जाळीला, त्याच्या बापाच्या पायातून पडलेल्या बुटाला —

काय? पातळ वाटतात? नाही रे, लहान आहेत ना अजून. लहानपणी सगळीच — तू पहिल्यांदा बघतोयस, तुला काय — बरं, आहेत पातळ. धर ते उजेडात. बोटाची सावली दिसते ना पलीकडून? पूर्वी नाही दिसायची. मघाशी फुटलं ते तुझ्या अंगठ्यानं नाही फुटलं, उगाच ओरडले मी तुला. माझ्या हातातही फुटतात.

एक संशोधक बाई येतात बाटल्या घेऊन, खाडीचं पाणी तपासायला न्यायला. त्यांना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आपण जो धूर सोडतो — गाड्यांचा, कारखान्यांचा — त्यातला कितीतरी समुद्र गिळतो आणि पाणी हळूहळू आंबटाकडे झुकतं. मी चाखून बघितलं. हसल्या त्या. जिभेला नाही कळत म्हणे. पण पिल्लाला कळतं. आईच्या शिंपल्यातून बाहेर पडतं तेव्हा ते धुळीच्या कणाएवढं, पाण्यात भिरभिरत असतं, आणि त्याच वयात त्याला स्वतःभोवती घर बांधायचं असतं. बांधायला लागतं ते पाण्यातूनच घ्यायचं, आणि तेच पाण्यात कमी पडायला लागलंय. मग असेल नसेल तो सगळा जीव घर बांधण्यातच संपतो, वाढायला काय उरणार? मोठं झालेलं कालव एक वेळ टिकतं. पिल्लं नाही टिकत. खेकड्यांची, झिंग्यांची पिल्लंही तशीच हैराण होतात म्हणे, त्यांना तर बिचाऱ्यांना दर वेळी जुनं कवच टाकून नवं घालायचं. मी विचारलं, आमच्या खाडीत हेच चाललंय का? त्या म्हणाल्या, पाणी तापतंय, तेही असेल, अजून खात्रीनं नाही सांगता येत. मग मी काय करू? म्हटलं. त्यांनी बाटल्यांची बुचं घट्ट केली. चांगली बाई, खोटं बोलली नाही. कॉफी प्यायली आणि गेली.

व्लाहोला? नाही. त्याला नाही माहीत. अरे, म्हणजे — मेलेली पिल्लं बघतो ना तो, दिसतात की त्याला, फुटलेली दिसतात, मग तो म्हणतो ओराडा, झालं. आता काय? तू असा बघू नकोस माझ्याकडे. हो, ओराड्यानं खाल्लं की चुरा होतो, बरोबर. आणि आपोआप मेलं की अख्खं राहतं, दोन्ही झाकणं शाबूत, आत काही नाही. बरोबर. मग फुटलेली कशी सापडतात, हेच ना? मी फोडते. झालं समाधान? या टाचेनं फोडते.

ठरवून नव्हतं केलं रे. दोर वर घेतला तर निम्मी मेलेली, सगळी अख्खी, रिकामी. आणि मागून हा येत होता शीळ घालत. मी खाली पाडली आणि पाय दिला. त्यानं चुरा बघितला, त्या माशाच्या आईला, आजीला, पणजीला शिव्या घातल्या, आणि घरी येऊन पोटभर जेवला. कितीतरी दिवसांनी जेवला. वैरी सापडला ना त्याला! माशाशी भांडता येतं. जाळं लावता येतं, डबा बडवता येतो, धरून भाजताही येतो. पाण्याशी कसं भांडायचं, सांग ना? ज्याचा बाप या पाण्यावर जगला, आजा जगला, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, की बाबा रे, तुझं पाणीच आता पिल्लांना जगू देत नाही? म्हणून मग फोडतच राहिले. त्याच्या आधी जाऊन दोर बघायचा, मेलेली खुडायची, फोडायची, थोडी त्याच्यासाठी पसरून ठेवायची. मला काय माहीत, तो त्या माशाच्या नावावर एवढं सगळं उभं करील — जाळी, वरची खोली, आणि आता तुम्ही दोघं! सांगावं तर तो खचतो, न सांगावं तर तुम्ही फसता. इकडे आड, तिकडे विहीर.

ती आयर्लंडची नोकरी चालून आलीय ना तुला, तिला नाही म्हणून कळवलंस का? खरं सांग. नाही ना? देव पावला. कळवू नकोस. ठेव ते सिमेंट खाली आणि ऐक. जेवताना तो विषय काढील तेव्हा तू नाही म्हण. बोट लागते म्हण, वास सहन होत नाही म्हण, काय वाट्टेल ते. तो चिडेल, मक्याच्या शेतातला भित्रा म्हणेल, आणि मीही बोलेन तुला, त्याच्याहून चार शब्द जास्तच बोलेन, बोलायलाच हवं, नाहीतर त्याला संशय येईल. ते मनावर घेऊ नकोस. निका रडेल. दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही. मग येईल तुझ्यामागून, जीव आहे तिचा तुझ्यावर. पण तिला खरं कारण कधी सांगायचं नाही. तिकडे गेल्यावरही नाही. बाप बुडतोय असं कळलं तर ती इथून हलेल का? मी ओळखते तिला. मला लेक जवळ हवी होती रे, कुणाला नको असते — तिची पोरं या ओट्यावर खेळतील, असं मी —

आली बोट. ऊठ. तोंड पूस, लागलंय सिमेंट. काय? आम्ही? आमचं काय विचारतोस, आम्ही इथंच आहोत. जा, तो दोर फेकेल तो पकड, हाक मारतोय बघ तुला. जा म्हटलं ना. आणि हसत जा.