दोन बोटं जागा

मंडळी, ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही. आधी एक प्रश्न विचारतो. माणूस खरं माप सांगतो, एक सूतही इकडचं तिकडं करत नाही, आणि तरी खोटं बोलतो. असं होतं का?

नुसत्या माना हलवू नका. मृदंगवाले, तुम्हीही जागे राहा. आज तुम्हाला वाजवायला फार नाही.

मी बुवा झालो दीड वर्षापूर्वी. त्याआधी तीस वर्षं घाटाच्या पायथ्याला माझं गॅरेज होतं. तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात. काहींची खडखड अजून गेली नाही, तेही मला माहीत आहे.

तर या तुमच्या वाडीचा लहू शेडगे. त्यानं लष्कराच्या लिलावातला छोटा ट्रक घेतला, चारी चाकं ओढणारा. वाडीची वाट कशी आहे ते मी तुम्हाला काय सांगू? मधे दगड, कडेला चर. ट्रकचं पोट घासायचं. लहू आला, म्हणाला, "मिस्त्री, हिला वीतभर उंच करा."

केली उंच. स्प्रिंगचे पाटे वाढवले, ठोकळे घातले. आता ट्रक उंच झाला, की इंजिनाकडून मागच्या चाकांकडं जाणारा जो लोखंडी दांडा फिरतो — शाफ्ट म्हणतात त्याला — तो जास्त तिरका होतो. त्याच्या खाली चासीची आडवी पट्टी. शाफ्ट त्या पट्टीला लागता कामा नये. म्हणून मधली जागा मोजायची.

माझ्या उस्तादानं शिकवलं होतं, माप तीनदा घ्यायचं. गाडी नुसती उभी असताना एकदा. माल भरून दाबली की एकदा. आणि चासी जॅकवर उचलून चाकं मोकळी लोंबकळत सोडली की एकदा. म्हणायचा, "उभी गाडी साधूच दिसते रे. लोंबकळली की तिचं खरं कळतं."

मी एकदाच घेतलं. उभ्या गाडीचं. घाई होती? नव्हती. जॅक नव्हता? हाताशी होता. पण दहा-पंधरा जण बघत होते, "मिस्त्री म्हणजे मिस्त्री" म्हणत होते. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. खाली निजलो, शाफ्ट आणि पट्टीच्या मधे दोन बोटं घातली, आणि म्हणालो, "दोन बोटं जागा आहे. ने गाडी."

माझी बायको सगुणा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, बोटं कुणाची? तुमच्या दोनांत माझी तीन बसतात." लोक हसले. मग ती हळूच म्हणाली, "चाकं लोंबकळत सोडून बघितलं नाहीत ते?"

तीस वर्षं गॅरेजात वावरलेली बाई. तिला कळत होतं. आणि मी चारचौघांत काय म्हणालो? "चाक लोंबकळलं तर तुझ्या बापाला बोलावू धरायला."

"बोलवाच," ती म्हणाली. "नाहीतरी वाडीतच राहतोय. शनिवारी मीच जाते या गाडीनं, निरोप देते त्याला."

हसलात ना, मंडळी? मीही हसलो होतो.

शनिवारी सकाळी ती पुढं लहूशेजारी बसली. मागं उत्सवाच्या धान्याची पोती. तिसऱ्या वळणावर मागचं एक चाक चरात उतरलं आणि लोंबकळलं. शाफ्ट पट्टीवर घासला, तुटला. तुटलेलं टोक गरगरत राहिलं, ब्रेकची नळी तोडून गेलं. गाडी उलटी मागं आली आणि कड्याखाली गेली. लहू दारातून बाहेर फेकला गेला. सगुणा आत होती.

याला मी चाल लावणार नाही.

मी पोचलो तेव्हा तिला बाहेर काढलं होतं. कुणीतरी अंगावर उपरणं टाकलं होतं. मी तिच्याजवळ बसलो. मग — हे नीट ऐका — मी उठलो आणि गाडीखाली शिरलो. पट्टीवर घासल्याचा ताजा, चकचकीत व्रण होता. मी शेजारच्या सांध्यातलं ग्रीस बोटानं काढलं आणि त्यावर फासलं. बायको दहा हातांवर निजवलेली, आणि हा माणूस ग्रीस फासतोय.

चौकीवरचे साहेब आले. विचारलं, "गाडी उंच करताना शाफ्टखाली जागा ठेवली होती?"

म्हणालो, "होय साहेब. दोन बोटं."

आता सांगा, खोटं बोललो का?

दवाखान्यात लहूचा पाय बांधून ठेवला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, आधी खालून काहीतरी घासलं. मी ब्रेक दाबला, तर पाय नुसताच आत गेला."

मी म्हणालो, "घाबरल्यावर होतं तसं. क्लचवर पडला असेल पाय."

लहूनं चांगला पाय पलंगाच्या गजावर दाबून बघितला. मग म्हणाला, "तसंच असेल मग."

दहाव्याला तो कुबडीवर आला. माझ्या पायावर डोकं ठेवून रडला, "वहिनीला मी मारलं हो." मंडळी, मी पाय मागं घेतले नाहीत.

मला वाटलं, माळ घातली, टाळ हातात घेतले, की सुटेल. गावोगाव सांगत फिरलो, खरं बोला. लोकांनी नारळ दिले. मी घेतले. आणि लहूनं परत स्टिअरिंगला हात लावला नाही. तो लंगडत डोक्यावरून पोती वाहतो.

उद्या सकाळी मी चौकीवर जाणार आहे. ते माझं मी बघतो. पण तुमचं काय? वीस वर्षं, या ट्रकाच्या आधीही, हा माणूस तुमच्या बाळंतिणी, तुमचे आजारी आपल्या गाडीनं घाटाखाली नेत होता. खालून काहीतरी घासलं, हे त्यानं तुम्हालाही सांगितलं होतं. कुणी ऐकलं? मिस्त्रीचा शब्द मोठा, लहूचा लहान. पारावर बसून म्हणालात, "लहूच्या गाडीत बसायचं तर आधी दहाव्याचं सामान घ्या." त्या दिवसानंतर तुमच्यातला एक तरी गाडी बघायला कड्याखाली उतरला का? त्या पट्टीवरचं ग्रीस कुणी फडक्यानं पुसून बघितलं का? गाडी अजून तिथंच पडली आहे.

कीर्तन झालं की बुवाच्या पाया पडायची रीत आहे. आज कुणी पुढं येऊ नका. आरतीही थांबू द्या.

लहू, तू उठू नकोस, तुला त्रास होतो. तुझा पाय चुकला नव्हता. मी येतो तिकडं.

मंडळी, जरा वाट द्या.